पदव्युत्तर प्रवेश परीक्षांतील इंग्रजी भाषा चाचणी (महाराष्ट्र)

पदव्युत्तर प्रवेश परीक्षांतील इंग्रजी भाषा चाचणी म्हणजे पदवीनंतरच्या अभ्यासक्रमांना प्रवेश देताना उमेदवाराचे इंग्रजी व्याकरण, शब्दसंग्रह व आकलन तपासणारा प्रश्नपत्रिकेतील भाग होय. महाराष्ट्रात व्यवस्थापन, संगणक उपयोजन, विधी व शिक्षणशास्त्र या शाखांच्या सामाईक प्रवेश परीक्षांमध्ये हा घटक कमी-अधिक प्रमाणात आढळतो. भारतीय व्यवस्थापन संस्थांची कॅट, अभियांत्रिकी पदव्युत्तर प्रवेशासाठीची गेट आणि परदेशी विद्यापीठांसाठी घेतली जाणारी जीआरई यांतही तो आहे.

मराठी माध्यमातून शिकलेल्या, विशेषतः ग्रामीण भागातील उमेदवारांच्या गुणवत्ता यादीतील स्थानावर या घटकाचा थेट परिणाम होतो. त्यामुळे तो केवळ भाषाशिक्षणाचा विषय राहत नाही. शैक्षणिक समान संधीच्या चर्चेतही त्याचा उल्लेख होतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी इंग्रजीची परीक्षा घेण्याची पद्धत महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेइतकी जुनी आहे. हे विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे हे त्या पहिल्या तुकडीतील विद्यार्थी होते. उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असल्याने ती भाषा येणे ही प्रवेशाची मूळ अट होती.

मराठवाड्याचा इतिहास यापेक्षा वेगळा आहे. परभणीसह हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. तेथे १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे शिक्षणाचे माध्यम स्वीकारले व इंग्रजी हा अनिवार्य विषय ठेवला. त्यामुळे या भागातील मराठी भाषक विद्यार्थ्याला घरची भाषा, शिक्षणाची भाषा व इंग्रजी अशा तीन भाषांमधून वाट काढावी लागे. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५८ साली औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ आणि १९९४ साली नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये सध्या नांदेडच्या विद्यापीठाशी संलग्न आहेत.

राज्यातील मराठी शाळांमध्ये दीर्घकाळ इंग्रजीचा अभ्यास इयत्ता पाचवीपासून सुरू होत असे. २००० सालापासून तो इयत्ता पहिलीपासून सुरू करण्यात आला. त्यामुळे आज पदव्युत्तर प्रवेशासाठी येणारे बहुसंख्य तरुण उमेदवार शाळेच्या पहिल्या वर्षापासून इंग्रजी विषय शिकलेले असतात. तथापि विषय म्हणून इंग्रजी शिकणे आणि इंग्रजीतून शिकणे यांतील अंतर प्रवेश परीक्षेच्या वेळी स्पष्ट होते.

महाराष्ट्रातील परीक्षा व इंग्रजीचे प्रमाण

व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राज्यस्तरीय परीक्षा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत संगणकावर घेतल्या जातात. पदवीनंतरच्या प्रमुख परीक्षांमधील इंग्रजीचे स्थान पुढीलप्रमाणे आहे:

• एमबीए/एमएमएस सीईटी: २०० प्रश्न, १५० मिनिटे. तार्किक क्षमता ७५, अमूर्त तर्क २५, संख्यात्मक क्षमता ५० आणि शाब्दिक क्षमता व आकलन ५० प्रश्न. म्हणजे एकूण गुणांपैकी एक चतुर्थांश गुण थेट इंग्रजीसाठी आहेत. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत.
• एमसीए सीईटी: १०० प्रश्नांपैकी २० प्रश्न इंग्रजी आकलन व शाब्दिक क्षमतेवर असतात.
• विधी (तीन वर्षे) सीईटी: पदवीधरांसाठीच्या या परीक्षेत सुमारे एक तृतीयांश प्रश्न इंग्रजीचे असतात. परीक्षेचे इतर भाग मराठीतही उपलब्ध असतात.
• बी.एड. सीईटी व ईएलसीटी: मुख्य परीक्षेत मानसिक क्षमता, सामान्य ज्ञान व शिक्षक अभियोग्यता हे घटक आहेत. इंग्रजी माध्यमाच्या बी.एड. महाविद्यालयात प्रवेश हवा असलेल्या उमेदवारांसाठी ५० प्रश्नांची ईएलसीटी ही स्वतंत्र इंग्रजी चाचणी असते.

या यादीत बी.एड.ची रचना वेगळी ठरते. ज्याला इंग्रजी माध्यमात शिकायचे व शिकवायचे आहे, त्याचीच इंग्रजीची चाचणी तेथे घेतली जाते. एमबीए सीईटीमध्ये मात्र संपूर्ण प्रश्नपत्रिकाच इंग्रजीत असल्याने इंग्रजीचा प्रभाव इंग्रजीच्या ५० प्रश्नांपुरता मर्यादित राहत नाही.

राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय परीक्षा

कॅट परीक्षेच्या तीन भागांपैकी एक भाग शाब्दिक क्षमता व वाचन आकलनाचा आहे. त्यासाठी ४० मिनिटे दिली जातात. या परीक्षेत पूर्वी शब्दार्थ व वाक्यातील चुका यांवर थेट प्रश्न येत. आता उतारे, परिच्छेदाचा सारांश व वाक्यांची क्रमवारी यांवर भर आहे. बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात आणि बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास १ गुण वजा होतो. गेट परीक्षेत २०१० पासून १५ गुणांचा सामान्य अभियोग्यता विभाग आहे व शाब्दिक अभियोग्यता हा त्याचा एक भाग आहे.

अमेरिकेत जीआरईची सुरुवात १९३६ साली कार्नेगी प्रतिष्ठानच्या प्रयोगातून झाली. ऑगस्ट २०११ मध्ये या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्द व शब्दसाधर्म्य हे प्रश्नप्रकार वगळण्यात आले आणि संदर्भावरून योग्य शब्द निवडण्यावर भर देण्यात आला. सप्टेंबर २०२३ पासून या परीक्षेत शाब्दिक विभागाचे २७ प्रश्न ४१ मिनिटांत सोडवायचे असतात. जीमॅट परीक्षेच्या २०२३ मधील नव्या आवृत्तीतून वाक्यदुरुस्तीचे प्रश्न काढून टाकण्यात आले. परभाषक विद्यार्थ्यांसाठीच्या टोफेल परीक्षेचा प्रारंभ १९६४ साली झाला. २००५ साली आलेल्या तिच्या इंटरनेट आवृत्तीत व्याकरणाचा स्वतंत्र विभाग ठेवण्यात आला नाही.

सुटे व्याकरण व सुटे शब्द तपासण्याऐवजी संपूर्ण मजकुराचे आकलन तपासावे, अशी दिशा या बदलांमधून दिसते. महाराष्ट्रातील राज्यस्तरीय परीक्षांमध्ये मात्र आकलनाच्या जोडीला व्याकरणाचे सुटे प्रश्न अद्याप आढळतात.

प्रश्नांचे प्रकार

• चूक ओळखणे: वाक्याचे भाग पाडून चूक असलेला भाग विचारला जातो. उदा. ‘ईच ऑफ द स्टुडंट्स / हॅव सबमिटेड / द फॉर्म / ऑन टाइम’. येथे कर्ता ‘ईच’ हा एकवचनी असल्याने दुसऱ्या भागात ‘हॅज’ हवे. लगतचा ‘स्टुडंट्स’ हा अनेकवचनी शब्द उमेदवाराची दिशाभूल करतो.
• वाक्य सुधारणे: अधोरेखित भागासाठी योग्य पर्याय निवडायचा असतो. ‘नो सूनर’ने सुरू होणाऱ्या वाक्यात पुढे ‘व्हेन’ नव्हे तर ‘दॅन’ येते, अशा जोड्या येथे तपासल्या जातात.
• रिकाम्या जागा: एकाच वाक्यात दोन जागा असतील, तर दोन्ही ठिकाणी अर्थ व रचना यांचा मेळ बसावा लागतो. ‘ऑल्दो’, ‘देअरफोर’, ‘अनलेस’ यांसारखे जोडशब्द उत्तराची दिशा दाखवतात.
• क्लोज चाचणी: परिच्छेदातील काही शब्द गाळून ते भरण्यास सांगितले जाते. विल्सन टेलर या अमेरिकी अभ्यासकाने १९५३ साली मजकुराची सुगमता मोजण्यासाठी ही पद्धत मांडली. पुढे ती भाषा चाचणीत रूढ झाली.
• समानार्थी व विरुद्धार्थी शब्द: शब्द सुटा दिला जातो किंवा उताऱ्यात त्याचा जो अर्थ आहे तो विचारला जातो.
• वाक्यांची क्रमवारी: विस्कळीत वाक्यांतून सुसंगत परिच्छेद तयार करायचा असतो. सर्वनाम कोणत्या नामाकडे निर्देश करते, हे ओळखणे यात निर्णायक ठरते.
• उताऱ्याचे आकलन: मध्यवर्ती विचार, लेखकाची भूमिका, अनुमान व तपशील यांवर प्रश्न विचारले जातात.

मराठी भाषकांना येणाऱ्या अडचणी

चूक ओळखण्याच्या प्रश्नांत मराठी भाषक उमेदवारांकडून होणाऱ्या अनेक चुकांचे मूळ मराठीच्या रचनेत आढळते. त्या चुका अज्ञानातून होत नाहीत, तर एका भाषेचा पक्का नियम दुसऱ्या भाषेला लावल्यामुळे होतात.

कर्ता-क्रियापद मेळ. इंग्रजीत क्रियापद कर्त्यानुसार चालते. मराठीत कर्मणी प्रयोगात ते कर्मानुसार बदलते: ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने चिंच खाल्ली’, ‘रामाने आंबे खाल्ले’. त्यामुळे क्रियापदाजवळच्या नामाशी मेळ घालण्याची सवय असते आणि ‘द क्वालिटी ऑफ द मँगोज आर गुड’ हे चुकीचे वाक्य कानाला खटकत नाही.

काळ. ‘मी पाच वर्षांपासून येथे राहतो’ या वाक्यात मराठी वर्तमानकाळ वापरते. तीच रचना इंग्रजीत नेल्यास ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असे वाक्य तयार होते. प्रमाण इंग्रजीत येथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ आणि कालावधीसाठी ‘फॉर’ आवश्यक असते. तसेच ‘मी काल गेलो होतो’ हे मराठीत सहज बोलले जाते. परंतु इंग्रजीत निश्चित भूतकाळासोबत ‘हॅड गॉन’ न येता ‘वेंट’ येते. ‘हॅड’ची रचना भूतकाळातील दोन घटनांपैकी आधीची घटना दाखवण्यासाठी वापरली जाते.

उपपदे. मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांना समांतर उपपदे नाहीत. नाम निश्चित आहे की अनिश्चित, हे मराठीत संदर्भावरून किंवा ‘तो’, ‘एक’ अशा शब्दांवरून कळते. त्यामुळे उपपद गाळणे अथवा नको तेथे घालणे ही सर्वांत चिवट चूक मानली जाते.

शब्दयोगी अव्यये. मराठीतील विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामानंतर येतात, तर इंग्रजीत त्यांचे कार्य करणारे शब्द नामाआधी येतात. ‘एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करणे’ या रचनेच्या प्रभावाने ‘डिस्कस अबाउट’ असे लिहिले जाते. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लागत नाही.

अप्रत्यक्ष प्रश्न. ‘तो कुठे आहे, तुला माहीत आहे का?’ या वाक्यात मराठीला शब्दक्रम बदलावा लागत नाही. इंग्रजीत मात्र ‘व्हेअर इज ही’ हा प्रश्न मोठ्या वाक्यात शिरताच ‘व्हेअर ही इज’ असा होतो.

जोर देणारा ‘च’. ‘मी इथेच राहतो’ याचे ‘आय लिव्ह हिअर ओन्ली’ असे रूपांतर बोलण्यात रूढ आहे. परीक्षेत ते चूक ठरते.

अर्थ बदललेले शब्द. मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा अर्थ अनेकदा बदललेला असतो. मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे चहा-नाश्त्याचे दुकानही असते; इंग्रजीत त्याचा मुख्य अर्थ निवासाची जागा असा आहे. पदवी मिळवणे या अर्थी भारतात ‘पास आउट’ म्हटले जाते. भारताबाहेर त्याचा प्रचलित अर्थ बेशुद्ध पडणे असा होतो.

याच्या उलट, मराठीचे व्याकरण नीट शिकलेल्या विद्यार्थ्याला काही बाबी सोप्या जातात. उपसर्ग, प्रत्यय व धातू यांनी शब्द बनतो ही कल्पना त्याला परिचित असते. ‘अपयश’, ‘अपमान’ यांतील ‘अप’ ओळखणारा विद्यार्थी ‘मिसफॉर्च्यून’, ‘मिसयूज’ यांतील ‘मिस’ लवकर ओळखतो.

शब्दसंग्रहाची गरज

भाषाभ्यासक पॉल नेशन यांच्या २००६ मधील संशोधनानुसार, इंग्रजी मजकुरातील ९८ टक्के शब्द परिचित असण्यासाठी सुमारे ८,००० ते ९,००० शब्दकुलांचे ज्ञान आवश्यक असते. शब्दकुल म्हणजे एक मूळ शब्द व त्याची साधित रूपे. ९८ टक्के या प्रमाणाचा अर्थ दर ५० शब्दांमागे एक शब्द अपरिचित असा होतो. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली शैक्षणिक लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची यादी प्रसिद्ध केली. दुर्मीळ शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करण्यापेक्षा अशा मर्यादित शब्दांचा संदर्भासह अभ्यास आकलनाच्या प्रश्नांना अधिक उपयोगी पडतो.

महाराष्ट्रात तर्खडकर भाषांतर पाठमालेवर अनेक पिढ्यांनी इंग्रजीचा अभ्यास केला. रेन व मार्टिन यांचे व्याकरणाचे पुस्तक आणि नॉर्मन लुईस यांचे १९४९ मधील ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ ही पुस्तके आजही परीक्षार्थींच्या संग्रहात आढळतात. भाषांतर पद्धतीचा लाभ असा, की दोन भाषांच्या रचना शेजारी ठेवून पाहता येतात. मात्र वेळेच्या बंधनात उतारा वाचण्याचा सराव या पद्धतीने होत नाही.

मूल्यमापनाची तत्त्वे

चाचणीकडून मुख्यतः दोन अपेक्षा असतात: विश्वसनीयता व वैधता. त्याच उमेदवाराची पुन्हा परीक्षा घेतल्यास जवळपास तोच निकाल येणे ही विश्वसनीयता होय. जे मोजायचे आहे तेच मोजले जाणे म्हणजे वैधता. रॉबर्ट लाडो यांच्या १९६१ मधील ‘लँग्वेज टेस्टिंग’ या ग्रंथाने भाषेचे सुटे घटक स्वतंत्रपणे तपासण्याच्या पद्धतीला सैद्धांतिक आधार दिला. अशा प्रश्नांची तपासणी जलद व निःपक्षपाती होते. परंतु चूक ओळखता येणाऱ्या उमेदवाराला सुसंगत परिच्छेद लिहिता येईलच असे नाही, हा त्यावरील प्रमुख आक्षेप आहे.

प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी व भेदनक्षमता काढता येते. १०० पैकी ९० जणांनी सोडवलेल्या प्रश्नाचा काठिण्य निर्देशांक ०.९० असतो, म्हणजे तो प्रश्न सोपा असतो. एकूण गुणांत पुढे असलेल्यांना जो प्रश्न येतो व मागे असलेल्यांना येत नाही, त्याची भेदनक्षमता जास्त मानली जाते.

अंदाजाने दिलेल्या उत्तरांचा परिणाम गुणपद्धतीनुसार बदलतो. पाच पर्याय असलेल्या व गुण वजा न होणाऱ्या परीक्षेत ५० प्रश्नांची उत्तरे डोळे झाकून दिल्यास सरासरी १० गुण मिळतात. त्यामुळे अशा परीक्षेत एकही प्रश्न सोडून देणे तोट्याचे ठरते. चार पर्याय, बरोबर उत्तराला ३ व चुकीला वजा १ अशी पद्धत असल्यास निव्वळ अंदाजाची सरासरी शून्य होते. मात्र एक पर्याय निश्चितपणे बाद करता आल्यास उरलेल्या तिघांतून केलेली निवड सरासरीने फायद्याची ठरते.

परीक्षा अनेक सत्रांत घेतली जाते तेव्हा प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या असतात. त्यामुळे केवळ मूळ गुणांची तुलना न करता पर्सेंटाइल काढले जाते. आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण त्या सत्रातील किती टक्के उमेदवारांना मिळाले, हे पर्सेंटाइल दाखवते. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत.

ग्रामीण उमेदवार व समान संधी

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे जिंतूर-मंठा रस्त्यावरील गाव आहे. तेथून एक रस्ता सेलूकडे जातो. अशा फाट्यांच्या परिसरातील विद्यार्थी महाविद्यालयीन शिक्षणासाठी सेलू, जिंतूर, परभणी यांसारख्या ठिकाणी जातात. कला व वाणिज्य शाखांची पदवी मराठी माध्यमातून पूर्ण करता येते. तो अभ्यासक्रम पूर्ण केलेला पदवीधर एमबीए सीईटीला बसतो, तेव्हा त्याला पूर्णपणे इंग्रजीत असलेली स्पर्धात्मक प्रश्नपत्रिका सोडवावी लागते.

येथे वैधतेचा प्रश्न निर्माण होतो. तार्किक क्षमतेच्या प्रश्नात ‘ओन्ली इफ’, ‘अनलेस’, ‘नॉट मोअर दॅन’, ‘इमीजिएट लेफ्ट’ असे शब्दप्रयोग येतात. त्यांचा नेमका अर्थ न कळल्यास तर्क अचूक असूनही उत्तर चुकते. अशा वेळी त्या प्रश्नातून तर्कशक्तीबरोबर इंग्रजीही मोजले जाते. मोजमापशास्त्रात याला अप्रस्तुत घटकाचा हस्तक्षेप मानतात. दोनशे प्रश्न दीडशे मिनिटांत, म्हणजे सरासरी ४५ सेकंदांत एक प्रश्न सोडवायचा असल्याने वाचनाचा संथ वेग सर्वच विभागांत अडथळा ठरतो.

इंग्रजी घटकाच्या समर्थनार्थ असे मांडले जाते, की अभ्यासक्रम, संदर्भग्रंथ व पुढील नोकरी यांची भाषा इंग्रजी असल्याने ती न तपासता प्रवेश दिल्यास विद्यार्थी वर्गात मागे पडतो. विरोधी मतानुसार, इंग्रजी ही प्रवेशानंतर शिकवता येणारी बाब आहे. तिला क्रमवारी ठरवणारा निकष न करता किमान पात्रतेचा निकष करावे.

असाच वाद केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेबाबत झाला. २०१४ साली आंदोलनानंतर सीसॅटमधील इंग्रजी आकलनाचे गुण गुणवत्तेसाठी मोजले गेले नाहीत. २०१५ पासून तो संपूर्ण पेपर ३३ टक्के गुणांचा पात्रता पेपर करण्यात आला. ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा नसली, तरी क्रमवारी व पात्रता यांतील फरक स्पष्ट करणारे उदाहरण म्हणून तिचा विचार होतो.

अध्यापनावरील परिणाम

परीक्षेच्या स्वरूपाचा अध्यापनावर होणारा परिणाम भाषा चाचणीशास्त्रात ‘वॉशबॅक’ या नावाने ओळखला जातो. सुटे व्याकरण विचारले गेल्यास वर्गात नियम व अपवाद पाठ केले जातात. उतारे विचारले गेल्यास वाचन वाढते. बहुपर्यायी परीक्षेत लेखन व संभाषण तपासले जात नसल्याने ही कौशल्ये तयारीतून वगळली जातात. प्रवेश मिळाल्यानंतर प्रकल्प अहवाल, सादरीकरण व मुलाखत यांसाठी मात्र त्यांचीच गरज भासते.

हे सुद्धा पहा

• राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, महाराष्ट्र
• स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ
• मराठी व्याकरण
• प्रयोग (व्याकरण)
• परभणी जिल्हा